बाबांच्या फोनवर रेंज फुल्ल, नेट गुल : कोणी वाट दाखवेल का?

घाटाखालचा – सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, तीन दिवस झाले, आता माझं डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे धागा काढतोय. बाबा गावी असतात, आंबोली घाट उतरलं की सावंतवाडीच्या अलीकडे. मी पुण्यात, हडपसरला. पुतण्याने नवा फोन घेतला आणि त्याचा जुना अँड्रॉइड बाबांना दिला. त्याच आठवड्यात बाबांनी नंबर एका कंपनीतून दुसरीत पोर्ट केला. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'आमच्याकडे तर याचीच रेंज मस्त' यातच धागा संपेल.

नवं सिम शुक्रवारी सुरू झालं. फोन लागतो, येतो, आवाज खणखणीत. रेंजच्या दांड्या सगळ्या भरलेल्या. नेट मात्र नाही. व्हॉट्सॲपवर काही टाकलं की शेजारी ते छोटं घड्याळ येऊन बसतं आणि बसूनच राहतं. फोन बंद-चालू करून झाला, सिम काढून पुसून घालून झालं, रिचार्ज आहे, दिवसाचा डेटाही शिल्लक आहे.

खरी गोची वेगळीच. बाबांचा फोन मराठीत आहे, माझा इंग्रजीत. मी इकडून 'एअरप्लेन मोड' सांगत होतो, ते तिकडे शोधत होते. दहा मिनिटांनी म्हणाले, "रे, हय एक विमान मोड म्हणान आसा, ताच काय?" गणपतीला अजून दीड महिना आहे, त्याआधी जाणं जमणार नाही. जे करायचं ते फोनवरूनच. मदत करा.

सुपारीचं खांड – सोमवार, रात्री ९.५५

हसू नका, पण मोबाइल डेटा चालू आहे ना? आमच्या आईचा पडदा खाली ओढताना अंगठा लागून बंद व्हायचा. आठवड्यातून दोनदा 'नेट गेलं'.

घाटाखालचा – सोमवार, रात्री १०.०२

चालू आहे. ते पहिलंच पाहिलं.

तिसरी घंटा – सोमवार, रात्री १०.३०

टॉवरच्या कामात अठरा वर्षं काढली, त्या जोरावर बोलतो. दांड्या भरलेल्या आहेत म्हणजे टॉवरचा आवाज फोनच्या कानापर्यंत नीट पोचतोय, इतकंच कळतं. नेटसाठी फोनला टॉवरमार्फत आत जाऊन वेगळी जोडणी मागावी लागते, आणि मागताना एका दाराचं नाव सांगावं लागतं. ते नाव म्हणजे एपीएन, तुमच्या बाबांच्या फोनवर 'ॲक्सेस पॉइंट नावे' असं दिसेल. ४जीवरच्या कॉलचं दार वेगळं असतं. म्हणून फोन छान लागतो आणि नेट अडतं, यात काही चमत्कार नाही.

आता मला एवढं सांगा. दांड्यांशेजारी ४जी किंवा एलटीई असं काही अक्षर दिसतं का, की नुसत्याच दांड्या? फोनमध्ये दुसरं सिम आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारपाजारच्या कोणाच्या हॉटस्पॉटवर किंवा वायफायवर हा फोन लावला तर नेट चालतं का? तिथे चाललं तर दोष सिम-एपीएनच्या बाजूला. तिथेही नाही चाललं तर दोष फोनच्या पोटात. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. लोक नेमकं हेच करत नाहीत, आणि थेट 'रीसेट' मारतात.

कुळीथ पिठी – सोमवार, रात्री १०.४१

रीसेटवरून. 'नेटवर्क सेटिंग रीसेट करा' याला लोक फार हलक्यात घेतात. फोटो-नंबर जात नाहीत हे खरं, पण साठवलेले सगळे वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. आमच्या सासऱ्यांचं कानातलं श्रवणयंत्र ब्लूटूथवर होतं. रीसेट केलं आणि रात्री साडेनऊला 'काय? काय?' सुरू.

घाटाखालचा – मंगळवार, सकाळी ८.१५

बाबांशी बोललो. अक्षर काहीच नाही, नुसत्या दांड्या. दुसरं सिम निघालं! पुतण्याचं जुनं, केव्हाचं बंद पडलेलं, दुसऱ्या खाचेत तसंच राहिलेलं. आणि मोबाइल डेटासाठी तेच निवडलेलं. माझ्या लक्षात कसं आलं नाही देव जाणे. बाबांना सांगून पहिलं सिम निवडून घेतलं. तरी नेट नाही.

हॉटस्पॉट शेजारच्या वैनींकडून घेतला. "लागलो रे, वैनीचो लागलो" असं म्हणाले. म्हणजे फोन ठीक, दोष सिमकडे. बरोबर ना?

सुपारीचं खांड – मंगळवार, सकाळी ८.४०

ते मेलेलं सिम काढूनच टाका. दोन सिमच्या फोनात लोक तिथेच फसतात. कॉल एकावर, डेटा दुसऱ्यावर, आणि रिचार्ज संपलेला असतो नेमका डेटावाल्याचा. शिवाय बऱ्याच फोनांत एका सिमवर बोलत असताना दुसऱ्याचं नेट थांबतं. तो बिघाड नव्हे, फोनची रचनाच तशी.

मुंगळा – मंगळवार, सकाळी ९.२०

एपीएन हाताने भरायची वेळ आली तर ही घ्या यादी. सगळी इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता. जिओचं 'जिओनेट', म्हणजे जे आय ओ आणि लगेच एन ई टी. एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस', मग टिंब आणि कॉम. बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट'. वापरनाव, पासवर्ड, प्रॉक्सी, पोर्ट हे रकाने कोरे सोडायचे. लोकांना कोरा रकाना बघवत नाही, काहीतरी भरतात आणि तिथेच घोळ होतो.

माझा स्वतःचा अनुभव : कीबोर्डने सुचवलेला शब्द टिचकी मारून घेतला की तो शब्दामागे एक रिकामी जागा गुपचूप चिकटवतो. डोळ्यांना दिसत नाही. मी त्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय. शेवटच्या अक्षरानंतर कर्सर ठेवून एकदा मागे खोडून बघायचं.

खिडकीतली सीट – मंगळवार, सकाळी ९.५०

+१. आणि भरून झाल्यावर ते वरचे तीन ठिपके दाबून 'सेव्ह करा' म्हणावं लागतं. बऱ्याच फोनांत नुसतं मागे आलं की सगळं लिहिलेलं पाण्यात. परत यादीत येऊन त्या नावासमोरचा गोल टिंबही निवडायचा.

माझ्याकडे उलटा प्रकार झाला होता. सेव्ह केलं की नोंद यादीतून गायब! तीनदा केलं, तीनदा गायब. शेवटी कळलं की खाली एमसीसी आणि एमएनसी असे दोन रकाने असतात, ते मी 'नीट' केले होते. ते देशाचे आणि कंपनीचे आकडे. भारताचे ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात. सिमशी ते आकडे जुळले नाहीत तर फोन ती नोंद दाखवतच नाही. ते रकाने आपोआप भरलेले येतात, त्यांना हात लावायचा नाही.

घाटाखालचा – मंगळवार, सकाळी १०.०५

आता एक कबुली द्यावी लागेल. शनिवारी एक व्हिडिओ बघून मीच बाबांकडून एपीएन बदलून घेतलं होतं. 'या नावाने नेट पाचपट वेगात' असा तो व्हिडिओ होता. कालच्या पोस्टमध्ये लिहायला लाज वाटली.

तिसरी घंटा – मंगळवार, दुपारी १.१०

वाटलंच होतं! अहो, एपीएन हे दाराचं नाव आहे, दाराची रुंदी नव्हे. वेग ठरतो टॉवरवर किती गर्दी आहे, तुम्ही किती लांब आहात आणि कंपनीकडे लहरींचा कुठला पट्टा किती आहे यावर. नाव बदलून वेग वाढत असता तर आम्ही अठरा वर्षं उन्हात टॉवरवर कशाला चढलो असतो?

उतारा सोपा आहे. 'ॲक्सेस पॉइंट नावे' याच पानावर वर तीन ठिपके आहेत, त्यात 'डीफॉल्टवर रीसेट करा' मिळेल. ते फक्त एपीएनची यादी मूळ जागी आणतं, वायफायचे पासवर्ड शाबूत राहतात. सिमवरून फोन कंपनी ओळखतो आणि योग्य नाव स्वतः घेतो. मग फोन बंद करून चालू करा.

हिरवी फणी – मंगळवार, दुपारी १.३५

अवांतर, पण राहवत नाही. एपीएन ऐकलं की मला जीपीआरएसचे, म्हणजे जुन्या २जी नेटचे दिवस आठवतात. कस्टमर केअरला फोन करायचा, हँडसेटचं मॉडेल सांगायचं, मग 'सेटिंग' मेसेजने यायची. उघडली की पिन विचारायचा, आणि तो १२३४. आमच्या हॉस्टेलवर एक जण त्या १२३४ मुळे 'नेटवाला' म्हणून प्रसिद्ध होता, सेटिंग करून द्यायचा एक कटिंग घ्यायचा. सीडीएमए या जुन्या तंत्राचा फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून #७७७ फिरवणारे कोणी आहेत का इथे?

कुळीथ पिठी – मंगळवार, दुपारी १.५०

#७७७ आहे की लक्षात! एक गाणं उतरायला रात्र जायची, आणि पहाटे आई फोन उचलून केबल काढायची.

निवांत पाटील – मंगळवार, दुपारी २.२०

धाग्यावर थोडा दरोडा घालतो, विषय जवळचाच आहे. माझा ५जी फोन आहे, मित्राचाही. एकाच टपरीवर बसलो तरी त्याच्याकडे ५जी, माझ्याकडे ४जी. सिम बदलायला हवं का?

तिसरी घंटा – मंगळवार, दुपारी २.४५

बहुधा नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे ५जी सुरू झालं तेव्हा जिओ आणि एअरटेल, दोघांनीही जुनं ४जी सिम चालेल असंच सांगितलं. फरक असतो तो पद्धतीत. जिओने ५जी स्वतंत्र पायावर उभारलं, त्याला ४जीचा आधार लागत नाही. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या खांद्यावर ५जी बसवून. पहिल्या पद्धतीसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असावी लागते. म्हणून आधी सिस्टीम अपडेट टाका, मग सिमच्या पानावर 'पसंतीचा नेटवर्क प्रकार' यात ५जी आहे का बघा. कित्येक फोन दुकानातून येतानाच ४जीवर ठेवलेले असतात. प्लॅनमध्ये ५जी आहे का तेही बघा, सगळ्यांत नसतं.

निवांत पाटील – मंगळवार, दुपारी ३.०५

४जीवरच ठेवलेला होता. पाच सेकंदांत झालं. टपरीवरचा पुढचा चहा तुम्हाला.

मुंगळा – मंगळवार, दुपारी ३.२५

त्याच यादीत फक्त ४जी असा पर्याय काही फोनांत मिळतो, नाहीतर लोक *#*#४६३६#*#* असं डायल करून आतल्या छुप्या पानावर जाऊन 'एलटीई ओन्ली' करतात. नेटवर्क सारखं बदलत नाही म्हणून हा उपाय चालतो, मीही करतो. पण व्होल्टी (४जीवरून बोलायची सोय) बंद असेल तर मग कॉल लागायचे बंद होतात, हे लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर तर करूच नका.

तिसरी घंटा – मंगळवार, दुपारी ३.४०

बरोबर. जिओकडे २जी-३जी पहिल्यापासून नाहीच, सगळं ४जीपासून पुढे. तिथे व्होल्टी बंद केलं तर साधा कॉलही जात नाही. एअरटेलने ३जी २०२०मध्ये बंद केलं, २जी ठेवलं. तिथे व्होल्टी बंद असेल तर कॉल आला की फोन ४जी सोडून २जीवर उतरतो आणि बोलणं संपेपर्यंत नेट जवळजवळ थांबतं. 'बोलताना जीपीएस अडकतं' म्हणणाऱ्या रिक्षावाल्यांचा अर्धा त्रास व्होल्टीचं बटण चालू केल्यावर मिटतो.

समुद्रापलीकडून – मंगळवार, संध्याकाळी ५.३०

मेलबर्नहून लिहितेय. आमच्या सासूबाई सांगलीहून आल्या. फोन चांगला, चार वर्षांचा, ४जी. इथलं सिम घातलं आणि दोन दिवसांत नेटवर्कने फोनच अडवला. इथे ऑक्टोबर २०२४च्या अखेरीपर्यंत सगळ्या कंपन्यांचं ३जी बंद झालं. आता ज्या फोनवरून आणीबाणीचा ट्रिपल झीरो हा नंबर ४जीवरून लागत नाही, असा फोन नेटवर्कवर घ्यायचाच नाही, असा नियम आहे. भारतात तोच फोन व्होल्टीवर उत्तम बोलत होता, पण इथल्या आणीबाणीच्या कॉलसाठी लागणारी सोय त्यात नव्हती. एपीएन, रीसेट, सगळं करून पाहिलं, उपयोग शून्य, कारण अडवणूक सेटिंगची नव्हतीच. शेवटी त्यांच्यासाठी इथलाच साधा फोन घेतला आणि जुना घरच्या वायफायवर भजनांसाठी ठेवला. आई-वडिलांना इकडे बोलावणाऱ्यांनी फोनचं मॉडेल इथे चालतं का, ते तिकीट काढतानाच बघा.

सुपारीचं खांड – मंगळवार, संध्याकाळी ५.४५

हे माहीतच नव्हतं. वाचनखूण म्हणून साठवलं.

घाटाखालचा – मंगळवार, रात्री ९.१०

डीफॉल्टवर रीसेट करून घेतलं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली तीस 'तीन ठिपके' शोधण्यात. बाबांना ते ठिपके म्हणजे काचेवरची धूळ वाटत होती, धोतराच्या सोग्याने पुसत होते. पण फोन चालू झाल्यावर दांड्यांशेजारी ४जी आलं! मी इकडे टाळी वाजवली.

आणि तरीही नेट नाही. व्हॉट्सॲपचं घड्याळ तसंच. आता ४जीला चिकटून एक छोटं उद्गारचिन्ह दिसतंय म्हणतात.

वर आणखी एक. बाबांनी दुपारी गुगलवर शोधून 'कस्टमर केअर'ला फोन केला म्हणे, वैनींच्या फोनवरून. तिकडचा माणूस म्हणाला, एक ॲप टाका, मी इथून तुमचा फोन बघतो, आणि केवायसीसाठी दहा रुपये भरा.

कुळीथ पिठी – मंगळवार, रात्री ९.१४

थांबवा आधी!! टाकलं का ॲप?

घाटाखालचा – मंगळवार, रात्री ९.२०

नाही. नेटच नाही तर टाकणार कुठून. पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं नेट नाही.

कुळीथ पिठी – मंगळवार, रात्री ९.२८

वैनींच्या फोनवरही काही टाकलेलं नाही ना, तेवढं विचारा. गुगलवर वर दिसणारा नंबर कंपनीचाच असतो असं नाही. नंबर सिमच्या पाकिटावरून नाहीतर कंपनीच्या ॲपमधून घ्यायचा. तक्रारीसाठी कुठल्याही कंपनीच्या मोबाइलवरून १९८ फुकट लागतो. पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आमच्या सोसायटीत एका काकांचे याच पद्धतीने गेलेत, स्क्रीन बघायच्या ॲपने.

तिसरी घंटा – मंगळवार, रात्री १०.००

४जी आलं आणि उद्गारचिन्हही आलं, म्हणजे दार उघडलं, आतली वाट बंद आहे. मला आता त्या हॉटस्पॉटच्या उत्तरावर संशय येतोय. बाबा 'लागलो' म्हणाले, म्हणजे नक्की काय झालं? हॉटस्पॉटला जोडलं गेलं, की नेट चाललं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या परत वैनींच्या हॉटस्पॉटवर लावून यूट्यूब उघडायला सांगा. आणि तोवर फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का तेही बघून घ्या. जुन्या फोनची बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली की साइट उघडत नाहीत, प्रमाणपत्रं जुळत नाहीत म्हणून.

घाटाखालचा – बुधवार, सकाळी ८.३०

तारीख बरोबर आहे. आणि तिसरी घंटा, तुमचा संशय खरा! हॉटस्पॉटवर 'कनेक्ट झाले' असं लिहून आलं म्हणून बाबा 'लागलो' म्हणाले होते. यूट्यूब तेव्हाही उघडलं नव्हतं. "तू इचारलंच नाय" असं उत्तर मिळालं. चूक माझीच.

म्हणजे दोष फोनच्या पोटात. आता?

मुंगळा – बुधवार, सकाळी ८.४५

व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप! पुतण्याने टाकलेलं असेल. सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या पानावर 'नेहमी सुरू' आणि 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा' ही बटणं बघा. त्या ॲपचं खातं संपलेलं असेल तर फोन स्वतःलाच कोंडून घेतो.

तिसरी घंटा – बुधवार, सकाळी ९.००

व्हीपीएन बघाच, पण माझी पैज 'खाजगी डीएनएस'वर. 'नेटवर्क आणि इंटरनेट'च्या पानावर अगदी तळाशी असतं, काही फोनांत 'आणखी कनेक्शन' यात दडलेलं. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८पासून आहे. डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा आकडी पत्ता सांगणारा पोस्टमन. खाजगी डीएनएसमध्ये आपल्या पसंतीच्या पोस्टमनचं नाव लिहून ठेवता येतं. पोरं जाहिराती अडवायला तिथे कुठल्यातरी फुकट सेवेचं नाव टाकतात. ती सेवा बंद पडली, की फोनला एकही पत्ता मिळत नाही. सिम बदला, वायफाय बदला, हॉटस्पॉट बदला, नेट येत नाही, कारण पोस्टमन तोच. बाबांच्या फोनवरची लक्षणं अशीच आहेत. ते 'ऑटोमॅटिक' करा.

घाटाखालचा – बुधवार, सकाळी ९.१०

पुतण्याला फोन केला. "हो काका, गेममधल्या जाहिराती यायच्या म्हणून काहीतरी टाकलं होतं, काय ते आठवत नाही." तुझ्याकडे होता तेव्हा नेट चालायचं ना, असं विचारलं तर म्हणाला, "शेवटी शेवटी नेट जायचं, म्हणून तर नवा घेतला."

हिरवी फणी – बुधवार, सकाळी ९.१५

😂😂 म्हणून तर नवा घेतला!

घाटाखालचा – बुधवार, दुपारी १२.४०

झालं!

पान सापडायला वेळ लागला, कारण त्या फोनवर ते तळाशी नव्हतं, 'आणखी' मध्ये होतं. बाबा एकेक ओळ वाचून दाखवत होते, मी इकडे डोळे मिटून ऐकत होतो. "कास्ट... छपाई... एनएफसी... खाजगी डीएनएस." तिथे इंग्रजीत लांबलचक नाव लिहिलेलं होतं. बाबांनी ते एकेक अक्षर सांगायला घेतलं तर म्हटलं, राहू दे, वरचं 'ऑटोमॅटिक' निवडा आणि सेव्ह करा. "केलंय" म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी माझा फोन व्हॉट्सॲपच्या आवाजांनी थरथरायला लागला. शुक्रवारपासूनचे एकोणीस मेसेज एकदम. त्यात तीन माझ्यासाठी नव्हतेच, काजूवाल्याला पाठवायचे होते. भाव ठरायचा राहिला होता, त्याला आता चार दिवस झाले. काजूवाल्याने माल दुसऱ्याकडून उचलला. तो हिशेब पुतण्याच्या नावावर.

तिसरी घंटा – बुधवार, दुपारी १.०५

छान. आता दुसऱ्या खाचेतलं ते मेलेलं सिम काढा. आणि वायफाय कॉलिंगची सोय सिमवर असेल तर ते बटण चालू करून ठेवा, घरात कधी वायफाय घेतलं तर पावसाळ्यात रेंज पडली तरी कॉल लागेल. एअरटेलने हे डिसेंबर २०१९मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२०मध्ये, आणि अजून कितीतरी जणांनी ते बटण पाहिलेलंही नाही.

खिडकीतली सीट – बुधवार, दुपारी १.३०

खाजगी डीएनएसवरून आठवलं. स्टेशनवरच्या वायफायचं ओटीपीचं पान माझ्या फोनवर कधी उघडायचंच नाही. मी ते वायफाय देणाऱ्या रेल्वेच्या कंपनीला, रेलटेलला, नावं ठेवत बसायचो. माझ्याच फोनवर असंच काहीतरी नाव टाकलेलं होतं, आत्ता जाऊन बघितलं! मुंबई सेंट्रलला ते वायफाय जानेवारी २०१६मध्ये सुरू झालं, आणि गेली कित्येक वर्षं मी त्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून स्वतःचा डेटा जाळतोय.

रानमेवा – बुधवार, दुपारी २.१०

उशिरा आले. माझा प्रश्न बीएसएनएलचा. मामांचं सिम पंधरा वर्षांचं, फोन नवा ४जी, तरी २जीच दिसतं.

तिसरी घंटा – बुधवार, दुपारी २.३०

पंधरा वर्षांचं सिम ४जीवर जाणारच नाही. कार्यालयात जाऊन ४जी सिम घ्या, नंबर तोच राहतो. बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत, हा फसवणूक टाळण्यासाठीचा नियम आहे, त्या दिवशी बँकेची कामं ठेवू नका. सिम बदलल्यानंतर सात दिवस पोर्टही करता येत नाही, जुलै २०२४पासून.

दुसरं म्हणजे फोनचे बँड, म्हणजे तो कुठल्या लहरी पकडतो ते. बीएसएनएलचं ४जी, जे २७ सप्टेंबर २०२५ला देशी तंत्रावर देशभर सुरू झालं, ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड २८ आणि बँड १. ७०० ची लाट लांब जाते, भिंतीतूनही शिरते, गावाकडे तीच कामाची. पण बरेच स्वस्त जुने फोन बँड २८ ओळखतच नाहीत. मामांचा फोन नवा आहे तरी खोक्यावर एकदा वाचून घ्या.

रानमेवा – बुधवार, दुपारी २.५०

खोकं मामींनी सुया-दोऱ्यांना वापरलंय, पण मागचा कागद आहे. बँड २८ आहे! उद्या सिम बदलायला जातो. धन्यवाद.

घाटाखालचा – बुधवार, रात्री ९.३०

मंडळी, एक शेवटचं. बाबांना आता वैनींच्या हॉटस्पॉटची परतफेड करायचीय, त्यांचा डेटा आज संपला. बाबांनी हॉटस्पॉट चालू केला, पण वैनींच्या फोनच्या यादीत तो दिसतच नाही. माझी आई तिथे त्या दोघांच्या मध्ये बसून दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून बघतेय.

मुंगळा – बुधवार, रात्री ९.३६

वैनींचा फोन जुना असेल. बाबांच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ असणार, जुन्या फोनांना तो दिसत नाही. २.४ करा.

घाटाखालचा – बुधवार, रात्री ९.५८

केला. दिसला. आता वैनी पासवर्ड विचारतायत आणि बाबा म्हणतात, "माका काय म्हायत, झिलाक इचार."